लंगडणारी कोंबडी: आधी पंजा उलटा करून बघा, मग औषधाकडे वळा

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की सगळ्या कोंबड्या दाण्याकडे धावतात आणि एखादी मागे राहते. दोन पावलं टाकते, एक पाय पोटाशी घेते आणि जागेवरच बसते. घरी चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकावर ही सकाळ कधी ना कधी येते.

माझी काबरी पहिल्यांदा लंगडली, तेव्हा पाय मुरगळला असेल असं मी धरून चालले आणि चार दिवस तिच्या मांडीला तेल चोळत राहिले. पाचव्या दिवशी दिव्याच्या उजेडात पंजा उलटा केला, तर बाहेरच्या बोटाभोवती केसाइतका बारीक दोरा आवळला गेला होता. बोट काळं पडलं होतं आणि काही दिवसांनी ते गळून गेलं. काबरी त्यानंतरही छान जगली, पण पहिल्याच दिवशी पंजा बघितला असता तर ते बोट वाचलं असतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: पाय बघितल्याशिवाय कुठलाही उपाय करायचा नाही. लंगडणं हा आजार नसून खूण आहे. काट्यापासून कॅल्शियमच्या कमतरतेपर्यंत आणि अडकलेल्या अंड्यापासून नसांच्या आजारापर्यंत दहा गोष्टी त्यामागे असू शकतात.

पकडण्याआधी दहा मिनिटं दुरून बघा

लगेच मागे धावू नका. पळापळीत दुखरा पाय आणखी दुखावतो, आणि माणूस जवळ आला की कोंबडी दुखणं लपवते. थोडं लांब बसून ती कशी चालते ते बघा. पाय टेकवते पण चटका बसल्यासारखा लगेच उचलते, तर दुखणं बहुतेक तळव्यात किंवा बोटांत असतं. पाय टेकवतच नाही, लोंबता ठेवते, तेव्हा हाड किंवा सांध्याची शंका घ्यायची. पाय ओढत चालते आणि बोटं मुठीसारखी आत वळलेली आहेत, तर नसांकडे लक्ष द्यायला हवं. दोन्ही पाय कमजोर असतील, ती बसूनच राहत असेल आणि उठवलं तर डगमगत असेल, तर बिघाड पायात नसून शरीरात इतरत्र असण्याची शक्यता जास्त.

तिचं वय आणि अंडी घालण्याची स्थिती लक्षात घ्या. दहा दिवसांचं पिल्लू, चार महिन्यांची तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) आणि रोज अंडी देणारी दोन वर्षांची कोंबडी यांच्या लंगडण्याची कारणं सहसा वेगळी असतात.

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट पशुवैद्याला गाठा. एकाच वेळी दोन-तीन पक्षी आजारी दिसणं, मान पिळवटणं, हिरवट पातळ विष्ठा, धाप, डोक्याला सूज, तुरा निळा-काळा पडणं किंवा अचानक पक्षी मरणं ही राणीखेत (म्हणजेच मानमोडी) किंवा बर्ड फ्लूची लक्षणं असू शकतात. अशा वेळी पक्षी हाताळत बसू नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कळपातला एकही पक्षी बाहेर नेऊ नका आणि लगेच पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा. पायांपासून सुरू होऊन पंख आणि मानही लुळी पडत गेली, तर सडलेलं मांस किंवा त्यातल्या अळ्या खाण्यातून झालेली बोटुलिझमची विषबाधा असू शकते. हाड बाहेर आलं असेल किंवा कुत्र्या-मांजराने धरलं असेल, तरीही थांबू नका. दाताची भोकं वरून टाचणीएवढी दिसतात, पण संसर्ग खोलवर पोचलेला असतो.

कसं धरायचं

सर्वात सोपी वेळ संध्याकाळनंतरची. अंधार पडला की कोंबडी शांत होते आणि बसल्या जागेवरून अलगद उचलता येते. दिवसाच पकडणं गरजेचं असेल, तर तिला कोपऱ्यात घेऊन वरून दोन्ही पंखांवर हात ठेवा आणि छातीखालून आधार देत उचला. एकाच पायाला धरून कधीही उचलू नका.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच ती श्वास घेते. म्हणून तिला छातीशी घट्ट दाबून धरलं, तर तिचा श्वास कोंडतो. सुती पंच्यात सैल गुंडाळा, डोक्यावरून पंच्याचं टोक घ्या म्हणजे ती शांत राहील, आणि पाय बाहेर काढा. मांडीवर उताणी धरायची वेळ आली तर एक-दोन मिनिटांपुरतीच धरा. ती तोंड उघडून धापा टाकू लागली तर लगेच सरळ करा.

पंजापासून वर, न चुकता दोन्ही पाय

हातात मोजे घाला, चांगला उजेड घ्या आणि चांगला पाय आधी बघा. तो तुमच्या तुलनेचा आरसा आहे.

नखापासून सुरुवात करा. मुळापासून तुटलेलं किंवा खेचलं गेलेलं नख खूप दुखतं. मग प्रत्येक बोटाभोवती हात फिरवा आणि बोटांच्या बेचक्या उघडून बघा, कारण दोरा, केस, नायलॉनचा तंतू तिथेच लपतो. तळवा ओल्या फडक्याने पुसून मधल्या गादीकडे नीट बघा. काळी गोल खपली, सूज, ऊब, रुतलेला काटा किंवा काच आहे का? नडगीवरचे खवले गुळगुळीत आणि चपटे हवेत. ते उचकटलेले, खडबडीत आणि पांढरट भुकटी धरलेले असतील तर तो खवल्यांखालच्या किड्यांचा उपद्रव आहे.

त्याच्या वर जो उलटा वाकलेला गुडघा दिसतो, तो गुडघा नसून घोट्याचा सांधा आहे. खरा गुडघा पोटाजवळ पिसांत लपलेला असतो. घोट्याचा सांधा हलक्या हाताने वाकवून-सरळ करून बघा. दोन्ही बाजूंची ऊब आणि जाडी सारखी आहे का? मागचा जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जागेवर आहे की बाजूला सरकला आहे? मग मांडी, आणि शेवटी पोट. पोट घट्ट, फुगलेलं किंवा पाण्याने भरल्यासारखं लागलं, तर लंगडण्याचं मूळ तिथे असू शकतं. पायाची मोठी नस पोटातूनच खाली उतरते आणि आतली गाठ किंवा अडकलेलं अंडं तिच्यावर दाब देतं.

दोन छोट्या चाचण्या आणखी करा. बोट हलकेच चिमटीत धरा. संवेदना असेल तर ती पाय मागे ओढेल. मग आपलं बोट तिच्या पंज्याखाली द्या. निरोगी पंजा बोटाला वेढा घालतो. दोन्हीत प्रतिसाद नसेल तर नसांचं दुखणं आहे. छातीच्या हाडावरूनही हात फिरवा. ते सुरीच्या पात्यासारखं टोकदार लागलं, तर ही कोंबडी कालपासून नाही, कित्येक आठवड्यांपासून झिजत आली आहे.

खरं औषध: विश्रांतीचा खोका

कारण सापडो न सापडो, हे पाऊल प्रत्येक वेळी घ्यायचं आणि आजच घ्यायचं. मुरगळणं, किरकोळ मार, खाली उडी मारताना बसलेला धक्का यांवर हालचाल थांबवण्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. कळपात ठेवली तर तिला दाण्यासाठी धावावं लागतं, आणि अशक्त पक्ष्याला बाकीच्या टोचतात.

साधारण ६० सेंटिमीटर लांब-रुंद पिंजरा, मोठा खोका किंवा टोपली पुरते. वळता यावं पण पळता येऊ नये, इतकीच जागा हवी. आत बसायची काठी नको. तळाला घसरणार नाही असं जाड फडकं आणि त्यावर चार बोटं कोरडं गवत किंवा लाकडाचा जाडसर भुसा घाला. गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय फाकतात. खोका सावलीत, वाऱ्याचा झोत न लागणाऱ्या जागी ठेवा, पण बाकीच्या कोंबड्या तिला दिसत राहतील असा. नजरेआड झालेली कोंबडी आठवड्याभराने कळपाला परकी होते आणि परत सोडल्यावर मार खाते.

पाणी आणि दाणा मान वळवली की मिळेल इतका जवळ हवा. मध्यम आकाराची अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. सकाळी मोजून ठेवा आणि संध्याकाळी किती उरलं ते बघा. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. शक्य असेल तर रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. पाय सुधारतोय की नाही याबद्दल मनाची फसवणूक होऊ शकते, पण वजन खरं सांगतं.

साध्या मुरगळण्यात दोन-तीन दिवसांत फरक दिसू लागतो आणि आठवडाभरात पाय बऱ्यापैकी टेकवला जातो. तिसऱ्या दिवशी काडीचाही फरक नसेल, तर पाय पुन्हा तपासा. काहीतरी नजरेतून सुटलं आहे.

दोरा, केस, तंतू

हे सापडलं तर ओढू नका. पंजा दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा म्हणजे चिकटलेली घाण आणि खपली मऊ होईल. मग बारीक टोकाच्या कात्रीने दोरा एका जागी कापा आणि चिमट्याने वळशांच्या उलट दिशेने सोडवा. तो सुजलेल्या कातडीत रुतलेला असतो, म्हणून चष्मा किंवा भिंग लावूनच बसा आणि एक वळसा मागे राहिला नाही याची खात्री करा. जखम पोव्हिडोन आयोडीनच्या पातळ द्रावणाने धुवा. द्रावणाचा रंग फिक्या चहासारखा हवा. बोट गार आणि काळं पडलं असेल तर ते वाचत नाही, पण ते स्वतः कापू नका.

तळव्यातलं गळू, म्हणजे बंबलफूट

पाळीव कोंबड्यांच्या लंगडण्यामागे हे कारण फार वेळा सापडतं आणि सर्वात जास्त चुकाही यातच होतात. तळव्याच्या गादीला बारीक जखम होते, कधी खरखरीत काठीमुळे, कधी उंचावरून कडक जमिनीवर उडी मारल्यामुळे, तर कधी सतत ओल्या भुशामुळे. त्या जखमेतून जिवाणू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस. वर काळी खपली धरते आणि आत गळू तयार होतं.

आता महत्त्वाचं. कोंबडीचा पू आपल्या पुवासारखा वाहत नाही. तो घट्ट, खव्यासारखा असतो. त्यामुळे गळू दाबून फोडावं ही कल्पना इथे चालत नाही. दाबल्यावर काही बाहेर येत नाही, उलट संसर्ग आत ढकलला जातो आणि कंडऱ्यापर्यंत पोचतो. मोजे घालायचे ते याचसाठी, कारण हे जिवाणू आपल्या हातावरच्या ओरखड्यातही शिरू शकतात.

सुरुवातीचं, लहान आणि गादीपुरतं असेल तर घरी असं करा.

१. चार लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी एप्सम सॉल्ट विरघळवा. पाणी कोपर बुडवल्यावर सुखद वाटावं, चटका बसू नये. कोंबडीला त्यात घोट्यापर्यंत उभी करून १५ मिनिटं धरा. हे पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. एप्सम सॉल्ट नसेल तर साधं कोमट पाणीही चालेल. माझ्या मते खपली मऊ करण्याचं खरं काम पाण्याची ऊबच करते.

२. पंजा मऊ फडक्याने पूर्ण कोरडा करा. बोटांच्या बेचक्यांतली ओल तशीच ठेवू नका.

३. खपली आपणहून सुटत असेल तर चिमट्याने उचला आणि तिच्यासोबत घट्ट पुवाचा गोळा सहज येत असेल तर येऊ द्या. अडकला तर तिथेच थांबा. उद्या पुन्हा भिजवा. ब्लेडने कोरू नका. पंज्यात रक्तवाहिन्या आणि कंडरे अगदी दाटीने असतात.

४. पोव्हिडोन आयोडीनच्या फिक्या द्रावणाने धुवा, वाळू द्या आणि जंतुनाशक मलमाचा पातळ थर लावा. मलमाच्या डब्यावर घटक वाचा. बेन्झोकेनसारखं 'केन'ने संपणारं बधिर करणारं द्रव्य त्यात नसावं, पक्ष्यांना ते सोसत नाही. शुद्ध मधाचा पातळ लेपही जखमेवर चालतो, फक्त त्यावर पट्टीने नीट झाकलेलं हवं, नाहीतर मुंग्या लागतात. हळदीची भुकटी उघड्या जखमेत भरणं मात्र मी थांबवलं. भुकटीची खपली धरते आणि खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं.

५. तळव्यावर गॉजची चौकोनी घडी ठेवा आणि पट्टी बोटांच्या मधून आडवी-तिडवी फिरवत नडगीवर आणून थांबवा. स्वतःलाच चिकटणारी पट्टी सर्वात सोयीची, पण तिला ताण देऊन गुंडाळू नका. तासाभराने बोटं चाचपून बघा. ती गार किंवा सुजलेली लागली तर पट्टी सोडा आणि सैल बांधा.

पहिले चार-पाच दिवस पट्टी रोज बदला, नंतर दिवसाआड. ओली झाली तर लगेच बदला. तळव्याची कातडी भरून यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, घाई करू नका. सूज पंज्याच्या वरच्या बाजूला दिसू लागली, घोट्याचा सांधा गरम झाला किंवा कोंबडीने खाणं सोडलं, तर हा घरचा विषय राहिला नाही. पशुवैद्य भूल देऊन गळू साफ करतील आणि योग्य प्रतिजैविक देतील.

खवल्यांखालचे किडे

यात पाय जाड, खडबडीत आणि वेडेवाकडे दिसतात. नेमिडोकॉप्टिस नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा खवल्यांखाली बीळ करून राहतो. पाय कोमट पाण्यात भिजवा, मऊ दातघासणीने हलके घासा, कोरडे करा आणि घोट्यापासून बोटांपर्यंत पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावा. हवा न मिळाल्यामुळे किडे गुदमरून मरतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा, असं तीन ते चार आठवडे करा, कारण किड्यांची नवी पिढी मागून येतच असते. उचकटलेले खवले ओढून काढू नका, त्याखाली रक्ताळलेली कातडी असते. खवले पूर्ववत दिसायला महिने लागतात. कळपातल्या सर्व कोंबड्यांना एकदमच लावा आणि बसायच्या काठ्याही घासून धुवा. पाय रॉकेलमध्ये बुडवण्याचा जुना उपाय करू नका. त्याने कातडी भाजते, आणि चोचीतून पोटात गेलं तर विषबाधा होते.

हाड मोडलं असेल तर

पाय भलत्याच कोनात लोंबत असेल, हात लावल्यावर आत करकर जाणवत असेल, तर हाड मोडलं आहे. मोड घोट्याच्या खाली, खवल्यांच्या नडगीत असेल आणि कातडी फाटलेली नसेल, तर तात्पुरता आधार घरी देता येतो. नडगीभोवती कापूस गुंडाळा, दोन बाजूंना आईस्क्रीमच्या काड्या ठेवा, वर सैलसर पट्टी बांधा. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत याची काळजी घ्या. पक्ष्यांचं हाड लवकर सांधतं, साधारण तीन आठवड्यांत. पण वाकडं सांधलं तर ते आयुष्यभर तसंच राहतं, म्हणून एकदा पशुवैद्याला दाखवाच. घोट्याच्या वर, मांडीत मोड असेल तर घरी पट्टी बांधण्यात अर्थ नाही, तिथे पट्टी टिकतच नाही.

पिल्लांचे पाय

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकत असतील, तर वेळ दवडू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपाय केला तर बहुतेक पिल्लं सुधारतात. मऊ चिकटपट्टीची बारीक फीत करून दोन्ही नडग्यांना आठच्या आकारात बांधा. दोन पायांत तेवढंच अंतर ठेवा जेवढं ताठ उभ्या पिल्लाच्या पायांत असतं, म्हणजे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर. खाली खरखरीत फडकं घाला. फीत रोज सोडून कातडी बघा आणि पुन्हा बांधा. चार ते सात दिवसांत पिल्लू आपणहून उभं राहू लागतं. सुरुवातीला ते पडतं, म्हणून पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात गोट्या घाला.

एक-दोन आठवड्यांच्या पिल्लाची बोटं आत वळून ते घोट्यांवर चालत असेल, तर ब जीवनसत्त्वांपैकी रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ कमी पडलं आहे. आजारी पिल्लाला रोज १०० मायक्रोग्रॅम, असं दोन दिवस पुरतं. म्हणजे माणसांच्या गोळीचा अगदी कणभर भाग. त्यापेक्षा कोंबड्यांसाठीचं पाण्यात मिसळायचं जीवनसत्त्वांचं मिश्रण लेबलवरच्या मापाने देणं सोपं आणि सुरक्षित. लवकर दिलं तर बोटं उघडतात. खूप दिवस गेले असतील तर नसेला झालेली इजा भरून येत नाही.

अंडी देणारी कोंबडी आणि कॅल्शियम

रोज अंडी देणाऱ्या कोंबडीने अचानक बसणं धरलं, तर पायाआधी तिच्या खाण्याचा विचार करा. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच चढायला २० तासांच्या आसपास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीत होतो, जेव्हा ती काही खात नसते. ती तूट ती पायाच्या हाडांतल्या खास साठ्यातून भरते. नुसते दाणे आणि उरलंसुरलं अन्न खाणाऱ्या कोंबडीचा हा साठा हळूहळू रिता होतो. आधी कवचं पातळ होतात, मग पाय थकतात.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावं लागतं. ते तयार खाद्यातून मिळतं. शिवाय शिंपल्यांची भरड किंवा वाळवून, भाजून चुरलेली अंड्यांची कवचं वेगळ्या वाटीत ठेवा, संध्याकाळी जरूर. ज्या कोंबडीला गरज आहे ती स्वतःहून खाते. खाद्यात सरसकट मिसळू नका, कारण तलंगांना आणि कोंबड्यांना सारखंच माप चालत नाही. अंड्यावर न आलेल्या पक्ष्याला एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरतं. जास्तीचं त्याच्या मूत्रपिंडांवर बसतं आणि त्यातून शरीरात, कधी सांध्यांतही, युरिक आम्ल साठून गाउट होतो. मग लंगडणं थांबवण्यासाठी दिलेलं कॅल्शियमच लंगडण्याचं कारण बनू शकतं. रोज थोडं ऊन मिळणंही तितकंच गरजेचं आहे, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही.

अशी कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहत असेल, शेपटी वर-खाली हलवत कुंथत असेल, तर अंडं अडकलं आहे. तिचं पोट आणि मागचा भाग २० मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा, पुसून कोरडी करा आणि उबदार, अंधाऱ्या खोक्यात शांत ठेवा. अंडं आत फुटेल असं काही करू नका, पोट दाबू नका. काही तासांत अंडं आलं नाही तर पशुवैद्याकडे न्या. यात दिवसभर थांबणं जीवघेणं ठरू शकतं.

ज्याला घरी इलाज नाही

दोन-तीन महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंतची तलंग एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडून राहत असेल, पाय तपासला तर सूज नाही, जखम नाही, पंजा पकड घेत नाही, तर मरेक्सचा विचार करावा लागतो. हा विषाणू नसांवर हल्ला करतो आणि त्यावर औषध नाही. लस असते, ती पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यावी लागते. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो, म्हणून एक पक्षी आजारी दिसेपर्यंत बाकीच्यांच्या अंगावरही तो पोचलेला असतो. पुढच्या वेळी पिल्लं आणाल तेव्हा लस टोचली आहे का, हे विचारून घ्या.

काय देऊ नये

घरात असलेली माणसांची वेदनाशामकं कोंबडीला देऊ नका. मात्रा चुकली तर मूत्रपिंड आणि आतडं दोन्ही जातं. डायक्लोफिनॅकच्या बाबतीत तर धोका सिद्ध झालेला आहे. या औषधाचा अंश असलेली मेलेली गुरं खाऊन दक्षिण आशियातली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, त्यांची संख्या कोसळली आणि भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तेच द्रव्य मुरगळण्यावरच्या अनेक मलमांत असतं. कोंबडी चोचीने पिसं साफ करते, म्हणजे पायाला चोळलेलं सगळं पोटात जातं. वासाची झोंबणारी मलमं तिच्या नाजूक श्वसनालाही त्रास देतात. शेक द्यायचा असेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पाच-सात मिनिटं पुरतं. ताज्या मारावर मात्र पहिल्या दिवशी गरम नको, थंड पाण्याचं फडकं ठेवा.

उरलेल्या प्रतिजैविकाची गोळी अंदाजाने देणंही टाळा. पशुवैद्याने औषध दिलं, तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्यांना त्याच वेळी विचारा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

उभीच राहू शकत नाही तेव्हा

पूर्ण बसून राहिलेल्या कोंबडीला छातीच्या हाडावर जखम होते आणि विष्ठेत भिजून पिसं सडतात. जाड कापडाची झोळी करा, पायांसाठी दोन भोकं आणि मागे विष्ठेसाठी एक. ती दोन खुर्च्यांमध्ये इतक्या उंचीवर टांगा की पंजे जमिनीला जेमतेम टेकतील. समोर दाणा-पाणी ठेवा. सुरुवातीला २० मिनिटं, मग दिवसातून तीन-चार वेळा. उरलेल्या वेळात मऊ गवतावर ठेवा आणि दर काही तासांनी कूस बदला. मागची बाजू रोज कोमट पाण्याने धुवून कोरडी करा, माश्या बसल्या तर एका दिवसात अळ्या पडतात.

दोन आठवडे सगळं मनापासून करूनही ती खात नसेल, वजन घटत असेल, डोळे मिटून बसत असेल, तर तिला वेदनामुक्त करण्याबद्दल पशुवैद्याशी बोला. मला हा निर्णय दोनदा घ्यावा लागला आहे. दोन्ही वेळा मी आठवडाभर उशीर केला, आणि तो आठवडा त्यांनी विनाकारण सोसला.

परत कळपात

तीन-चार दिवस न लंगडता चालली की दिवसाउजेडी थोडा वेळ, तुमच्या नजरेखाली तिला इतरांत सोडा. टोचाटोची झाली तर सोबत एखादी शांत कोंबडी खोक्यात ठेवून मग दोघींना एकत्र सोडा, एकटीवरचा रोख कमी होतो. दाणा दोन-तीन जागी पसरा, म्हणजे तिला धावावं लागणार नाही.

ती खोक्यात असेपर्यंत खुराड्याचं काम उरकून घ्या. बसायची काठी ४५ ते ६० सेंटिमीटरपेक्षा उंच नको. ती पाच सेंटिमीटर रुंद, कडा गोलसर घासलेली, कुसळं नसलेली हवी. वजनदार जातीच्या कोंबड्यांसाठी त्याहून खाली, आणि चढ-उतार करायला एक तिरकी फळी. काठीखालचा भुसा जाड आणि कोरडा ठेवा. दोऱ्याचे तुकडे, पोत्याचे धागे, तारा आणि काचा वेचून काढा. मी पोत्याची शिवण उसवली की तो दोरा त्याच क्षणी खिशात घालते आणि घरात नेऊनच टाकते.

पहिल्या काही रात्री झोपायच्या आधी बॅटरी घेऊन एक फेरी मारा. ती काठीवर बसली असेल तर पंज्यांकडे बघा. दोन्ही पंज्यांनी काठीला सारखीच पकड घेतली असेल तर दार लावून घ्या.